तो पितो आणि परीक्षा तिची!

ज्या बाईचा नवरा वर्षानुवर्षें दारू पितो, तिला आमच्या समाजांत दोन प्रश्न विचारले जातात. नांदत असेल तर विचारतात, "एवढें सोसून तूं अजून तिथें कां?" आणि माहेरीं निघून आली तर विचारतात, "नवऱ्याला अशा दशेंत टाकून तूं आलीसच कशी?" प्रश्न दोन, पण दोन्ही तिलाच. ज्याच्या हातांत बाटली आहे त्याला भावकींतला एकही शहाणा उठून विचारीत नाहीं कीं, बाबा रे, हें तूं काय चालविलें आहेस, आणि तुला यांतून बाहेर काढावयास आम्हीं काय करावें? लग्नांत अक्षता टाकावयाला पांचशें माणूस जमतें, मानपानावरून रुसतें, पहिल्या पंगतीवरून भांडतें. आणि तोच संसार बाटलींत बुडूं लागला म्हणजे तो "त्यांच्या घरचा मामला" होतो! आज या घरच्या मामल्याविषयींच आम्ही लिहिणार आहों. ज्यांना हें कडू लागेल त्यांनीं तें पाण्याबरोबर गिळावें, सोड्याबरोबर नव्हे.

लिहावयास निमित्त प्रभादेवीचें झालें. आमच्या बाजूच्या गांवांचें आणि प्रभादेवी, परळ, लालबागचें नातें मनिऑर्डरीचें. घरटी एक माणूस गिरणींत. गांवकीच्या खोलींत वळकटी टाकून वीस-पंचवीस जणांनीं राहावें, खाणावळवालीकडे जेवावें आणि महिन्याला गांवीं पैसे धाडावेत. प्रभादेवीची स्टँडर्ड मिल, पलीकडची एल्फिन्स्टन मिल, हीं नांवें आमच्याकडील म्हाताऱ्यांना माहेरच्या गांवांसारखीं पाठ आहेत. खात्यांत दिवसभर कापसाचा तूस छातींत घ्यावा, कानांत मागांचा खडखडाट, आज रात्रपाळी तर पुढें दिवसपाळी, त्यांत झोपेचा ताळमेळ नाहीं, बायको घाटावर. आणि खोलीच्या वाटेवर गुत्ता. थकल्या माणसानें घटकाभर बसावयाचें तरी कोठें? नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं गिरणी कामगारांची सभा उभी केली आणि झगडून १८९० च्या १० जूनपासून रविवारची सुट्टी मिळविली. ती सुट्टी विसाव्यासाठीं, घरच्या माणसांसाठीं आणि समाजाच्या कामासाठीं होती. त्यांतले किती रविवार गुत्त्यानें खाल्ले याचा हिशोब कोणीं ठेवलेला नाहीं.

मग १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालीं संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप मागें घेतल्याची घोषणा कधींच झाली नाहीं. गिरण्या मात्र एकेक करून बंद होत गेल्या. भोंगा थांबला आणि पुरुष भर दुपारीं घरीं दिसूं लागला. बायकोच्या डोळ्याला डोळा देणें जड झालेला माणूस सहसा जिकडे जातो तिकडेच पुष्कळ जण गेले. त्या दिवसांत घरें जगविलीं तीं बायकांनीं. गिरणगांवच्या खाणावळवाल्या तर संपाच्या आधींपासूनच पोळपाटावर उभ्या होत्या. प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचें कर्ज मिळवून दिलें आणि सावकाराच्या तावडींतून सोडविलें. गिरणगांवचा इतिहास लिहिणारे संपाच्या सभांवर पानेंच्या पानें लिहितात. या पोळपाटावर एखादा परिच्छेद.

आज गिरण्यांच्या जागीं टॉवर आहेत आणि गिरणी कामगाराचा मुलगा टॉवरच्या फाटकावर पहारेकरी आहे. अशाच एका घरीं आमचें जाणें-येणें आहे. नांव, गांव, चाळ, कांहींच सांगणार नाहीं. कारण तशीं घरें एकाच चाळींत चार निघतील. हा माणूस बाविसाव्या वर्षीं मित्रांबरोबर प्यावयास लागला, आज अठ्ठेचाळिसांत आहे. त्याची बायको टॉवरमधल्या तीन घरीं पोळ्या लाटते. लग्न होऊन आली तेव्हां तिला अक्षरओळख नव्हती; ती यानें करून दिली, बसच्या पाट्या आणि दुकानांच्या फळ्या दाखवून. न पिलेल्या दिवशीं तो मुलीच्या वेण्या घालतो. शेजाऱ्याचें मयत झालें तर सर्वांच्या आधीं हाच बांबू आणावयास जातो. आणि पिलेल्या दिवशीं हाच माणूस जिन्यांत पडलेला सांपडतो.

आम्हीं एकदां तिला तोच ठराविक प्रश्न घातला, कां राहतां म्हणून. ती म्हणाली, "गुरुजी, पिलेला मानूस येगळा आन् माझा मानूस येगळा. मी दोगास्नी बी वळकते. तुमी समदी एकालाच वळकता."

या उत्तरावर आमच्याजवळ बोलावयास कांहीं नव्हतें. अशा बाईला अक्कल नाहीं, स्वाभिमान नाहीं, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. तिला अक्कल आहे, आणि आठवणही आहे. जो माणूस तिनें पाहिला तो अजून आंत कोठें तरी आहे, हें तिला जितकें पक्कें ठाऊक आहे तितकें डॉक्टरलाही नसेल. तेव्हां तिची आशा वेडी आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. प्रश्न असा कीं, त्या आशेपोटीं आपण तिच्याकडून काय काय करवून घेतों?

ऐका, तिनें काय काय केलें तें. कामावर गेला नाहीं कीं सुपरवायझरला फोन करून, "त्यांना ताप आहे." गुत्तेवाल्याची उधारी भांडीं विकून भागविली. बाटली मोरींत ओतली. त्यानें दुसरी आणली. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेवविली. ती तिसऱ्या दिवशीं मोडली, आणि मुलीला ताप आला तेव्हां सासूनें तोच हात आठवून सुनेलाच बोल लावला. मंगळवारीं सिद्धिविनायकाच्या रांगेंत अनवाणी उभी राहिली, पौषांतल्या जत्रेंत प्रभादेवीची ओटी भरली. (सिद्धिविनायकाचें मूळ देऊळ १८०१ सालीं देऊबाई पाटील या आगरी बाईच्या पैशानें बांधलें गेलें. आमच्या बायकांनीं देवळें बांधावींत, रांगाही त्यांनींच लावाव्यात, आणि दोषही त्यांच्याच कपाळीं यावा, ही वहिवाट जुनी आहे.) गांवाकडील कोणा बाबानें पुडी दिली, ती त्याच्या नकळत आमटींत घातली. या सगळ्यांत सव्वीस वर्षें गेलीं, दारू होती तेथेंच.

आपल्या बायकांना असें वागावयास शिकविलें कोणीं? पुराणिकानें शिकविलें, कीर्तनकारानें शिकविलें, आणि रंगभूमीनें तर पदांची फोडणी देऊन शिकविलें. राम गणेश गडकरी यांचें 'एकच प्याला' १९१९ सालीं रंगभूमीवर आलें. बालगंधर्वांची सिंधू पाहून महाराष्ट्र ढसढसा रडला. गडकऱ्यांची लेखणी थोर होती यांत आम्हांस शंका नाहीं, आणि पहिला प्याला कधीं एकच राहत नाहीं हें त्यांनीं दाखविलें तें अगदीं खरें आहे. पण डोळे पुसून जरा सिंधूकडे पाहा. नवरा वकील; त्याची सनद गेली आणि तो दारूंत बुडाला. सिंधू दळणकांडण करून पोर जगविते. शेवटीं नवऱ्याच्या हातून पोर जातें, तिच्याही जिवावर बेततें, आणि मरतां मरतां ती पोलिसांपुढें नवऱ्याचा गुन्हा झांकते. पडदा पडतो, टाळ्या वाजतात, आणि प्रेक्षक आपल्या बायकोला सांगतो, बघ, पतिव्रता अशी असते!

यावर आमचे आक्षेप दोन. एक तर, वकिलाच्या बायकोनें जातें ओढलें म्हणून नाटक रडतें. आमच्या आया-आज्या जन्मभर जातेंच ओढीत आल्या. पिऊन आलेल्या धन्याचा मार खाऊन पहांटे पुन्हां जात्यावर बसल्या. त्यांच्यासाठीं कोणा नाटककाराच्या दौतींतली शाई ओली झाली नाहीं. असो, हें जुनें रडगाणें आहे. दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. सिंधूच्या त्या सोसण्यानें सुधाकराची दारू सुटली काय? नाटकालाच विचारा. तिनें सगळें सोसलें, सगळें झांकलें, आणि शेवटीं तो दारूंत विष घालून पिऊन मेला. म्हणजे जें औषध नाटकांतसुद्धां लागू पडलें नाहीं, तें आम्ही शंभर वर्षें आमच्या लेकीसुनांना पाजीत आहों!

महात्मा जोतीरावांनीं याहून निराळी रीत घालून दिली होती. १८७३ सालापासून सत्यशोधक पद्धतीचीं लग्नें लागूं लागलीं. त्यांतल्या मंगलाष्टकांत वधू मुकाट उभी नसते. ती वराकडून स्त्रियांच्या हक्कांविषयीं वचन मागते, आणि तो तें चारचौघांदेखत देतो. वचन दोघांचें आहे. तें एकानें रोज मोडावें आणि दुसरीनें त्याचे तुकडे पदराखालीं लपवावेत, याला जोतीरावांनीं संसार म्हटलें नसतें.

लपविण्याविषयींच अधिक बोलूं. दारू पिणाऱ्याला दारूचे परिणाम भोगावे लागत नाहींत, कारण ते त्याच्या वाटेंत येण्याआधींच बायको झेलते. खाडा झाला, तिनें खोटें सांगून नोकरी वांचविली. कर्ज झालें, तिनें फेडलें. ओकारी झाली, तिनें पुसली. सकाळीं उठून तो पाहतो तों नोकरी जागेवर, लादी स्वच्छ, इभ्रत शाबूत. मग त्याला आपण बुडतों आहों असें वाटावें कशावरून? हें सगळें ती प्रेमानें करते, आणि त्याचा फायदा गुत्तेवाल्याला होतो. आम्ही तिला दोष देत नाहीं. आम्हीच तिला शिकविलें आहे कीं घरचें झांकावें. परंतु हें झांकणें थांबवितां येतें, आणि थांबविलें म्हणजे प्रेम आटलें असें होत नाहीं.

ही गोष्ट आपल्याच मुलखाची आहे असें समजूं नये. अमेरिकेंत बिल विल्सन नांवाचा एक गृहस्थ होता. १९१८ सालीं त्याचें लग्न लोइस नांवाच्या मुलीशीं झालें. पुढें सोळाएक वर्षें तो दारूनें पुरता वाया गेला. ती दुकानांत नोकरी करून घर चालवी आणि त्याला आपल्या प्रेमानें आपण सुधारूं असें मानी. १९३४ च्या अखेरीस त्याची दारू सुटली, ती दुसऱ्या एका सुटलेल्या दारुड्याच्या सोबतीनें आणि इस्पितळांतल्या उपचारानें. १९३५ सालीं त्यानें एका व्यसनी डॉक्टरबरोबर 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही मंडळी सुरू केली. आतां लोइसनें सुखी व्हावें कीं नाहीं? पण एके दिवशीं, सभेला जाऊं या असें नवऱ्यानें म्हणतांच तिनें पायांतला जोडा काढून त्याला फेकून मारला! नवरा सुधारला होता आणि संताप हिच्या पोटांत उसळत होता. तेव्हां तिच्या लक्षांत आलें कीं, इतकीं वर्षें दुसऱ्याच्या दारूभोंवतीं फिरतां फिरतां आपणही आजारी पडलों आहों. आपल्यालाही औषध पाहिजे. पुढें १९५१ सालीं तिनें दारुड्यांच्या घरच्या माणसांसाठीं 'अल-अनॉन' हा निराळा मेळा काढला. तेथें बायका एकमेकींना सांगतात तें थोडक्यांत असें: त्याची दारू तुम्हीं लावली नाहीं, ती तुमच्या हातांत नाहीं, आणि ती बरी करणेंही तुमच्या एकटीच्या हातचें नाहीं. आमच्याकडची एखादी सासू हें ऐकेल तर तिला भोंवळच येईल.

आमच्या भाषेंत हेंच काम पुण्याच्या मुक्तांगणानें केलें. डॉ. अनिता अवचट या येरवड्याच्या मनोरुग्णालयांत डॉक्टर होत्या. त्यांनीं आणि अनिल अवचटांनीं १९८६ सालीं, पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या देणगीच्या बळावर, तेथेंच हें व्यसनमुक्ति केंद्र सुरू केलें. अनिताबाई १९९७ सालीं गेल्या, अवचट २०२२ सालीं गेले, काम चालूं आहे. हीं सारीं नांवें आमच्या आळींतलीं नव्हेत हें आम्हांस दिसतें. पण चांगलें काम कोणत्याही आळींतून आलें तरी घ्यावें, आणि तेथें जाऊन बरे झालेल्यांत शेतकरी आणि कामगार कमी नाहींत. मुक्तांगणांत पिणाऱ्यांच्या बायकांचा एक गट आहे, त्याचें नांव 'सहचरी'. आम्हांस हा शब्द फार आवडला. पतिव्रता म्हटलें कीं बाई नवऱ्याच्या मागें उभी राहते. सहचरी बरोबर चालते, आणि बरोबर चालणारीला वाट चुकली तर थांबण्याचाही हक्क असतो.

आतां दारूच्या आजाराविषयीं. होय, आजारच. पहिला पेला माणूस आपल्या मर्जीनें घेतो, त्याबद्दल त्याला जाब विचारावा. पण वर्षानुवर्षें रोज पिणाऱ्याचें शरीर दारूवरच चालावयास शिकतें. मग ती न मिळाली कीं तें बंड करतें. सहा-आठ तासांत हात कांपूं लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊं शकते. दोन-तीन दिवसांनीं कांहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, मेलेलीं माणसें हांका मारतात. आणि उपचार न मिळाल्यास जीवही जातो. आमच्याकडे याला बाहेरची बाधा समजून भगताकडे नेतात! कित्येक ठिकाणीं भाऊबंद त्याला खोलींत कोंडून बाहेरून कडी घालतात आणि म्हणतात, आठ दिवसांत सुधारेल. असें करूं नये. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकीं तोडावयाची ती डॉक्टरच्या नजरेखालीं. परळचें के. ई. एम. इस्पितळ १९२६ पासून गोरगरिबांसाठीं उघडें आहे, तेथें मनोविकार विभाग आहे, आणि प्रभादेवीहून तें चालत जाण्याच्या अंतरावर आहे. जिल्ह्याच्या गांवीं सरकारी इस्पितळ आहे. कोणाला विचारावें हें कळत नसेल तर केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मदतवाहिनी आहे, क्रमांक १४४४६; फोनला पैसे पडत नाहींत.

त्या पुडीविषयींही सांगतों. बाजारांतल्या असल्या गुप्त पुड्यांत काय असतें हें देणाराच जाणे. पण कांहींत डायसल्फिराम नांवाचें औषध सांपडतें. १९४८ सालीं डेन्मार्कांतील संशोधकांनीं तें पुढें आणलें; तें घेतलेल्या माणसानें दारू घेतली कीं तोंड लाल होतें, छाती धडधडते, वांत्या होतात, रक्तदाब घसरतो. डॉक्टर तें तपासून आणि त्या माणसाला सांगून देतात, तेव्हां त्याचा उपयोग होतो. नकळत आमटींत कालवलें तर आधींच पोखरलेल्या काळजाचा माणूस त्यानें मरूं शकतो, आणि मग बाई विधवाही होते व गुन्हेगारही. माउल्यांनो, पुडी घालूं नका.

सरकारच्या सामाजिक न्याय खात्यानें दिल्लीच्या एम्सकडून करविलेली देशभराची पाहणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. तींत असें निघालें कीं, दारूच्या पुरते आहारीं गेलेल्या ३८ माणसांमागें एकालाच कसली तरी मदत वा उपचार मिळतो. बाकीचे ३७ कोठें आहेत? ते घरीं आहेत, आणि त्यांचें इस्पितळ म्हणजे त्यांची बायको.

आमच्याकडे दारू सोडण्याचा एक जुना मार्ग आहे, माळ घालण्याचा. तुळशीची माळ घालून दारू सुटलेलीं माणसें प्रत्येक गांवांत आहेत, आणि त्यांची थट्टा करणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हों. पण ती माळ काम कशी करते तें पाहावें. मण्यांत जादू नसते. माळकरी झाला कीं संध्याकाळीं गुत्त्याच्या वेळेला भजन असतें, दिंडींत वीस दिवस चोवीस तास सोबत असते, आणि शेजारीं एखादा तरी असा निघतो ज्यानें आपल्यासारखीच पिऊन शेत विकलें होतें आणि आज दहा वर्षें थेंब घेतला नाहीं. त्या बिलच्या मंडळींतही दुसरें कांहीं नाहीं: ना दक्षिणा, ना जात, ना पुरोहित; एक सुटलेला दुसऱ्या अडकलेल्याशेजारीं बसतो आणि आपली कहाणी सांगतो. मुंबईंत त्यांच्या सभा कित्येक वर्षें भरत आल्या आहेत. ज्याला टाळ मानवतो त्यानें टाळ घ्यावा, ज्याला खुर्ची मानवते त्यानें खुर्चीवर बसावें. मात्र माळेबरोबर डॉक्टरही असावा.

आणि पुन्हां पाय घसरला तर? घसरतो. बहुतेकांचा घसरतो. ज्या घराची गोष्ट आम्हीं वर सांगितली त्या घरीं हा माणूस पहिल्यांदा उपचार घेऊन आला, चार महिने चांगला राहिला, आणि गणपतींत पिऊन आला. त्या दिवशीं चाळ म्हणाली, बघा, आम्ही म्हणतच होतों! जणूं कांहीं पैज जिंकली. बायकोनें या वेळीं सुपरवायझरला तापाचा फोन केला नाहीं. उधारी फेडली नाहीं. आपली मजुरी आपल्या खात्यांत ठेवली. त्याला सांगितलें कीं, जेवण रोज मिळेल, पिऊन आलां तर मुलीच्या खोलींत यावयाचें नाहीं, आणि पुन्हां डॉक्टरकडे जायचें म्हणाल त्या दिवशीं मी बरोबर येईन. सासू महिनाभर तिच्याशीं बोलली नाहीं. नोकरी गेली. दुसऱ्या पावसाळ्यांत तो आपण होऊन म्हणाला, चल. त्याला आज सात महिने झाले. पुढें काय होईल हें ती सांगत नाहीं, आणि आम्हीही सांगणार नाहीं. मधुमेहवाल्याची साखर वाढली तर कोणी त्याला नीच म्हणत नाहीं, गोळी वाढवितात. तसें याकडे पाहावें एवढेंच आमचें म्हणणें.

परंतु एका ठिकाणीं आशेनेंही थांबलें पाहिजे. हात उगारणारा नवरा आजारी असला तरी त्याचा हात आजारी नाहीं. ज्या घरांत मार आहे, पोरांच्या जिवाला भय आहे, तेथून बाई पोरें घेऊन निघाली तर तिचें प्रेम खोटें ठरत नाहीं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याखालीं तिला संरक्षण मागतां येतें आणि राहत्या घरांत राहण्याचा हक्कही मागतां येतो. माहेरच्यांनीं अशा लेकीला दारांत उभी करून "समजूत घालून" परत धाडूं नये. सिंधूचा शेवट ज्यांनीं पाहिला त्यांना याहून जास्त सांगावयास नको.

सरकाराविषयीं थोडकेंच. ज्या पट्ट्यांत आज टॉवर आहेत त्या माहीम, दादर, प्रभादेवीकडे एके काळीं माडांच्या वाड्या होत्या आणि भंडारी लोक माडी काढीत. १८७८ च्या अबकारी कायद्यानें इंग्रजानें माडावर आणि भट्टीवर आपला हात ठेवला, तेव्हांपासून सरकार आणि दारूचें दुकान यांची भागीदारी चालूं आहे. पुण्यांत दारूचीं दुकानें वाढूं लागलीं तेव्हां नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीरावांनीं १८८० सालीं त्याविरुद्ध लेखी हरकत घेतली होती. त्यानंतर इंग्रज गेला, १९४९ चा दारूबंदी कायदा आला, बंदी आली, सैल झाली, आणि जून २०२५ मध्यें राज्याच्या मंत्रिमंडळानें दारूवरचे कर वाढवून वर्षाला सुमारें १४ हजार कोटी रुपये अधिक मिळतील असा हिशोब मांडला. त्या हिशोबांत दारुड्याच्या बायकोनें लाटलेल्या पोळ्याही आहेत. नुसत्या बंदीनें भागत नाहीं हेंही आम्हांस ठाऊक आहे. मालवणीला जून २०१५ मध्यें विषारी गावठी दारूनें शंभरावर माणसें मेलीं. पण बायकांनीं मागणी करून आडव्या बाटलीच्या मतदानानें दुकान बंद पाडण्याची सोय नियमांत आहे. ज्या प्रभागांत बायका एक होतील तेथें ती वापरावी. आणि करांतल्या चौदा हजार कोटींतून तालुक्याला एक व्यसनमुक्तीचा दवाखाना कां निघूं नये, हें मतें मागावयास येणाऱ्याला विचारावें. तो येतांना बाटल्या घेऊन येतो, तेव्हां विचारणें सोपें जाईल.

आतां आमच्या गांवकीच्या मंडळांना विनंती. पौष पौर्णिमेपासून प्रभादेवीची जत्रा भरते, तेव्हां मुंबईकर गांवकरी एकत्र येतात, कळसाची, पालखीची, मंडपाची वर्गणी ठरते. त्याच वहींत एक पान निराळें काढावें. केंद्रांत राहून उपचार घ्यावयाचे म्हणजे महिना-सव्वा महिना रोजगार बुडतो. तेवढ्या दिवसांचा त्या घरचा किराणा मंडळानें भरावा, कर्ज म्हणून नव्हे. ज्याची दारू सुटलेली आहे असे गांवचे दोन माणूस त्याच्याबरोबर इस्पितळांत जावेत, आणि परत आल्यावर पहिले तीन महिने रोज संध्याकाळीं सात वाजतां त्याच्या खोलीवर जाऊन बसावेत. त्याच्या बायकोला कोणीं कांहीं विचारूं नये. फार तर चहा मागावा. वर्गणीची पहिली रक्कम आम्ही या अंकाबरोबर मंडळाकडे धाडीत आहों.